‘बायकांची वेगळी संघटना कशाला?’ : सिॲटलच्या सात मुलींपासून सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी पुण्यात एका पीआर एजन्सीत सहा वर्षं काम करते. आमच्या अमेरिकन क्लायंटच्या टीममधली एक जण ‘असोसिएशन फॉर विमेन इन कम्युनिकेशन्स’ची सदस्य आहे. तिच्याकडून कळलं की ही संघटना १९०९ सालची, आणि सुरुवातीला तिचं नाव चक्क ग्रीक होतं. ग्रीक का? मग दोनदा बदललं का? आणि आता ऑफिसात निम्म्याहून जास्त मुली असताना बायकांची वेगळी संघटना कशाला, असं माझा टीम लीड विचारतो. त्याला काय सांगू? आपल्याकडच्या अशा एखाद्या संघटनेत मी जावं का?”

टीम लीडला काय सांगायचं ते इतिहासातूनच निघतं, म्हणून आधी इतिहास. मी काही वर्षं वर्तमानपत्रात आणि पुढे त्याहून जास्त काळ जनसंपर्कात काढली. आता मास कॉमच्या मुलांना माध्यमांचा इतिहास शिकवते. हा भाग आला की माझा तास कधीच वेळेत संपत नाही, तेव्हा उत्तर लांबणार हे गृहीत धरा.

सिॲटल हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यात. राजधानीशी गल्लत करू नका. तिथल्या विद्यापीठात १९०७ साली पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं. तेव्हा ही गोष्ट अगदी नवी होती. मिझुरी विद्यापीठाचं प्रसिद्ध पत्रकारिता विद्यालयही १९०८चं. तोवर पत्रकार घडायचा तो उमेदवारी करून. पोरगा चौदा-पंधराव्या वर्षी छापखान्यात किंवा संपादकीय विभागात कागद इकडून तिकडे नेणारा म्हणून चिकटायचा आणि पाचसहा वर्षांत बातमीदार व्हायचा. या रस्त्यावर मुलींना प्रवेशच नव्हता. रात्री बारापर्यंत सिगारच्या धुरात बसलेल्या पुरुषांमध्ये कोणते आईबाप मुलीला पाठवणार? विद्यापीठात वर्ग निघाल्यावर मात्र मुलींना एक मागचं दार उघडलं. वर्गात बसायला कोण अडवणार! शिकून झाल्यावर नोकरी कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

८ एप्रिल १९०९ रोजी या वर्गातल्या सात मुलींनी (जॉर्जिना मॅकडूगल, हेलन रॉस, ब्लांश ब्रेस आणि आणखी चौघी) ‘थीटा सिग्मा फाय’ स्थापन केली. आता ग्रीक नावाचं. अमेरिकन कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या मंडळांना ग्रीक अक्षरांची नावं द्यायची रीत फार जुनी, ‘फाय बीटा कॅपा’ तर १७७६ची. त्यात राहण्याजेवण्याची मंडळं असतात, तशी निवडक गुणी विद्यार्थ्यांना मान म्हणून सामावून घेणारीही असतात. थीटा सिग्मा फाय दुसऱ्या जातीची. ‘मुलींचं बातमीदार मंडळ’ म्हटलं असतं तर भरतकामाच्या वर्गाशेजारची खोली मिळाली असती. तीन ग्रीक अक्षरं लावली की प्राध्यापक, कुलगुरू आणि घरचे, तिघांपुढे एकदम वजन येतं. आपल्याकडे चार जणी जमून काही करायचं म्हटलं की आधी नोंदणी क्रमांक आणि लेटरहेड हवं असतं, त्यातलाच प्रकार.

या मुलींना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. वॉशिंग्टन प्रदेशातल्या बायकांना तो १८८३मध्ये एकदा मिळाला होता, कोर्टाने काढून घेतला, आणि नोव्हेंबर १९१०मध्ये परत मिळाला. १९०९च्या उन्हाळ्यात याच विद्यापीठाच्या आवारात अलास्का-यूकॉन-पॅसिफिक नावाचं भलं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि जुलैत शहरात मताधिकारवाल्या बायकांचं राष्ट्रीय अधिवेशन झालं. म्हणजे वारं त्या दिशेने वाहत होतंच.

आता तुमच्या टीम लीडसाठी एक तारीख लिहून ठेवा. थीटा सिग्मा फायनंतर बरोबर नऊ दिवसांनी, १७ एप्रिल १९०९ला, तिथून तीन हजार किलोमीटरच्या आसपास असलेल्या इंडियाना राज्यातल्या डीपॉ विद्यापीठात दहा मुलांनी ‘सिग्मा डेल्टा काय’ नावाची पत्रकारांची संस्था काढली. आज ती ‘सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकी पत्रकारांची आचारसंहिता म्हणून आपण वर्गात जी शिकवतो ती याच संस्थेची. तिने स्त्रियांना सदस्यत्व दिलं १९६९ साली. साठ वर्षं तिला कोणी ‘पुरुषांची वेगळी संघटना’ म्हटलं नाही, नुसतं ‘पत्रकारांची संघटना’ म्हटलं.

तेव्हाच्या बातमीदार बायकांकडे लोक कसे पाहत, त्याचा नमुना १९०७चा. न्यूयॉर्कमध्ये हॅरी थॉ नावाच्या श्रीमंताचा खुनाचा खटला चालला होता. कोर्टात चार नावाजलेल्या पत्रकार बायका वृत्तांकनाला बसल्या होत्या. पुरुष सहकाऱ्याने त्यांना ‘सॉब सिस्टर्स’ म्हटलं. आपल्या भाषेत रडूबाया. हे नाव पुढे कित्येक वर्षं सगळ्याच पत्रकार स्त्रियांना चिकटलं. बाईने लिहायचं ते एकतर रडवणारं, नाहीतर टोप्यांच्या फॅशनचं आणि पाककृतींचं. राजकारण, शेअर बाजार, पोलीस बीट पुरुषांचं. मी नोकरीला लागले तेव्हा, म्हणजे या खटल्यानंतर ऐंशी वर्षांनी, मला पहिल्याच दिवशी ‘पुरवणी बघा तुम्ही’ असं सांगण्यात आलं होतं. पुरवणी म्हणजे रविवारची, आणि त्यातही मधलं पान.

(इथे एक आपली नोंद. सिॲटलच्या मुली वर्गात बसायच्या आधीच, १९०६मध्ये, तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचं संपादन हाती घेतलं होतं आणि पुढे काही वर्षं नेटाने केलं. संपादकाची खुर्ची मिळाली, पण सल्ला विचारायला त्याच धंद्यातली दुसरी बाई आजूबाजूला नाही, अशी ती परिस्थिती. तानूबाईंचं नाव आजही पुष्कळ मास कॉमच्या मुलांना ठाऊक नसतं.)

थीटा सिग्मा फायच्या शाखा भराभर इतर विद्यापीठांत निघाल्या. मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या तशा शहराशहरांतही शाखा झाल्या. न्यूयॉर्कची १९२९ची. संघटनेने स्वतःचं नियतकालिक काढलं, त्याचं नाव ‘द मॅट्रिक्स’. खिळ्याच्या छपाईत शिशाचं अक्षर ज्या साच्यात ओततात तो मॅट्रिक्स. मूळ लॅटिन शब्द आईवरून आलेला. मला हे नाव फार आवडतं, कारण आपल्याकडे ‘मातृका’ म्हणजे माताही आणि वर्णमालेतली अक्षरंही. अक्षर आणि आई यांची सांगड दोन्हीकडे पडली. सिॲटलच्या मुलींना संस्कृत यायचं कारण नाही, पण छापखाना त्यांनी जवळून पाहिला होता एवढं नक्की.

संघटना खरं काय करत होती? वार्षिक मेजवान्या, पाहुण्यांची भाषणं, बॅजेस, हे सगळं होतंच. पण माझ्या मते कामाची गोष्ट दुसरीच होती, आणि ती कागदोपत्री फार ठळक दिसत नाही. कुठल्या गावात कुठल्या पेपरात जागा रिकामी आहे, कुठला संपादक बाईला घेतो, पगार किती देतो, कुणाच्या हाताखाली काम करायचं टाळावं. ही माहिती गोळा करायची आणि सदस्यांपर्यंत पोचवायची. पुरुषांना यासाठी संघटना लागत नव्हती, कारण त्यांच्याकडे प्रेस क्लबचा बार होता. नोकऱ्या तिथे ठरत, बातम्याही तिथेच फुटत.

राजधानीतला नॅशनल प्रेस क्लब १९०८चा, फक्त पुरुषांचा. बायकांनी १९१९मध्ये आपला वेगळा विमेन्स नॅशनल प्रेस क्लब काढला. पुरुषांच्या क्लबात जगभरचे पंतप्रधान, मंत्री येऊन भाषणं करत आणि त्यातून मथळे होत. बायकांना आत प्रवेश नाही. १९५५मध्ये सवलत मिळाली ती अशी: भाषण ऐकायला बाल्कनीत उभं राहा. खाली पुरुष पत्रकार जेवताहेत, प्रश्न विचारताहेत. वर बायका दिव्यांच्या आणि वायरींच्या गर्दीत, जेवण नाही, प्रश्न विचारायची परवानगी नाही. २६ ऑगस्ट १९६३ला, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चाच्या दोन दिवस आधी, मोर्चाचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांचं तिथे भाषण होतं. पत्रकार बायकांनी त्यांना कळवलं की समतेसाठी लढणाऱ्याने आम्हाला बाल्कनीत बसवणाऱ्या सभागृहात बोलू नये. ते बोललेच. क्लबाचं दार बायकांना उघडलं १९७१च्या जानेवारीत.

एकदाच याच्या उलट घडलं आणि तेव्हा काय चमत्कार झाला ते पाहण्यासारखं आहे. ६ मार्च १९३३ला, नवरा राष्ट्राध्यक्ष झाल्याला जेमतेम दोन दिवस झाले असताना, एलेनॉर रुझवेल्ट यांनी पत्रकार परिषद घेतली आणि नियम केला की फक्त स्त्री पत्रकारांनाच प्रवेश. मंदीचे दिवस होते, पेपर माणसं काढत होते आणि काढताना आधी बायकांना काढत होते. आता राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची बातमी हवी असेल तर वृत्तसंस्थेला एक तरी बाई ठेवणं भाग पडलं. युनायटेड प्रेससाठी हे काम रूबी ब्लॅक करू लागल्या, आणि या बाई थीटा सिग्मा फायमध्ये राष्ट्रीय पातळीवर काम केलेल्या. अशा ३४८ परिषदा झाल्या. अन्याय म्हणावा का हा पुरुषांवर? वर्गात मी हा प्रश्न टाकते आणि पुढची वीस मिनिटं खुर्चीवर बसून राहते.

मधली वर्षं भरभर सांगते. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा बायकांना सगळी बीटं मिळाली, ते परतल्यावर पुष्कळ जणींना परत जावं लागलं. पण तोवर रेडिओ आला होता, टीव्ही येत होता, जाहिरात आणि जनसंपर्क वाढत होते, आणि शिकलेल्या मुली तिकडे वळल्या. संघटनेत एका बाजूला शहर पेपरची उपसंपादक, दुसऱ्या बाजूला साबण कंपनीची प्रसिद्धी बघणारी. दोघींना ‘पत्रकारितेतलं सन्मान मंडळ’ हे बिरुद कसं पुरावं?

म्हणून १९७२मध्ये नाव बदलून ‘विमेन इन कम्युनिकेशन्स, इन्कॉर्पोरेटेड’ झालं. एका फटक्यात तीन गोष्टी बदलल्या. ग्रीक अक्षरं गेली, म्हणजे कॉलेजातला मान हे स्वरूप जाऊन कामकरी बायकांची व्यावसायिक संस्था असं रूप आलं. पत्रकारितेच्या जागी कम्युनिकेशन्स आलं. आणि पुरुषांनाही सदस्य होण्याची मुभा मिळाली. तिसरी गोष्ट टीम लीडला मुद्दाम सांगा. पाटीवर ‘विमेन’ ठेवूनही या बायकांनी दार उघडलं, तेही सिग्मा डेल्टा कायने उघडल्यानंतर फक्त तीन वर्षांत.

कम्युनिकेशन्स या शब्दाचं मराठी काय, हा आमच्या धंद्यातला जुना विनोद. पाठ्यपुस्तकात ‘संज्ञापन’, जे परीक्षेबाहेर कोणी बोलत नाही. सरकारी मराठीत ‘दळणवळण’, ज्यात रस्ते आणि तारखातंही येतं. माझ्या एका काकांना मी कम्युनिकेशनमध्ये आहे असं सांगितलं तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या जोडणीसाठी वशिला लागेल का म्हणून विचारलं होतं. शेवटी मी ‘पीआरमध्ये आहे’ म्हणायला लागले. ते तर त्यांना आणखीनच कळलं नाही.

सत्तरच्या दशकाचं फार श्रेय संघटनेला देऊ नका, असं मी नेहमी सांगते. १६ मार्च १९७०ला ‘न्यूजवीक’ने स्त्रीमुक्तीवर मुखपृष्ठकथा छापली आणि त्याच दिवशी तिथल्या ४६ बायकांनी भेदभावाची तक्रार दाखल केली, कारण तिथे लिहायचं काम पुरुषांचं आणि बायकांचं काम त्यांना माहिती शोधून द्यायचं. १९७४मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या बायका कोर्टात गेल्या. ‘असोसिएटेड प्रेस’मधल्यांचा लढा १९८३पर्यंत चालला. हे खटले त्या त्या ऑफिसातल्या बायकांनी, स्वतःच्या नोकऱ्या पणाला लावून लढवले. व्यावसायिक संघटना अशा वेळी मागे राहते, कारण तिच्या यादीत तक्रार करणारीही असते आणि व्यवस्थापनातलीही. संघटनेचा उपयोग त्याआधी होतो. मला कमी पगार मिळतो हे कळायला दुसऱ्याचा पगार माहीत असावा लागतो, आणि दुसऱ्याचा पगार स्वतःच्या ऑफिसात कधी कळत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. १९८८च्या सुमाराला आम्ही वेगवेगळ्या पेपरांतल्या सातआठ जणी महिन्यातून एकदा दादरला एकीच्या घरी जमायचो. नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. बटाटेवडे आणि कटिंग चहा. एकदा एकीने सरळ विचारलं, “तुझ्या हातात किती येतात?” मी सांगितलं. ती गप्प झाली. तिच्या भावाचा मित्र माझ्याच ऑफिसात, माझ्यानंतर सहा महिन्यांनी, माझ्याच पदावर लागला होता आणि त्याला चारशे रुपये जास्त होते. तेव्हाचे चारशे. पुढच्या आठवड्यात मी साहेबांकडे गेले. “तुमचे मिस्टर कमावतात ना?” हे उत्तर मिळालं. अडीचशे वाढले, तेही सहा महिन्यांनी. पण त्या वड्यांच्या बैठकीशिवाय तेवढेही वाढले नसते.

पुरस्कारांबद्दल थोडं. संघटनेचे ‘हेडलायनर’ पुरस्कार १९३९पासूनचे, न्यूयॉर्क शाखेचे ‘मॅट्रिक्स’ १९७१पासून, ‘क्लॅरियन’ १९७२पासून. पुरस्कार म्हटलं की मी नाक मुरडते, आपल्याकडे त्यांची जी जत्रा झाली आहे ती पाहून. तरी एक खरं की बढतीच्या मुलाखतीत टेबलावर ठेवायला बाहेरच्या कोणीतरी दिलेला कागद लागतो, आणि तो बायकांना इतर ठिकाणी सहज मिळत नव्हता.

तिसरं नाव १९९६चं. जुनी संस्था आवरती घेऊन ‘असोसिएशन फॉर विमेन इन कम्युनिकेशन्स’ या नावाने नव्याने मांडामांड झाली. न्यूयॉर्कची शाखा आज स्वतंत्र संस्था आहे. इथे कोणी ‘चळवळ संपली’ वगैरे म्हणतं, ते मला पटत नाही. माझा अंदाज साध्या हिशेबाचा आहे. जनसंपर्कवाल्यांची राष्ट्रीय संस्था १९४७पासून होती, रेडिओ-टीव्हीतल्या बायकांची १९५१पासून, कंपन्यांतल्या कम्युनिकेशनवाल्यांची १९७०पासून, आणि १९६९नंतर पत्रकारांची मुख्य संस्थाही बायकांना खुली. एकाच बाईने किती वर्गण्या भरायच्या? सगळ्यांना एका छत्रीखाली घेणाऱ्या संस्थेची हीच अडचण असते. छत्री मोठी, पण पावसात प्रत्येकीला आपल्या पुरती हवी असते. राष्ट्रीय कार्यालय, पगारी माणसं, अधिवेशनं हे सगळं वर्गणीवर चालतं, आणि वर्गणी भरणारीला आपल्या गावच्या शाखेशी मतलब असतो.

आपल्याकडचा रस्ता वेगळा झाला, आणि तोही तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाशी जोडलेला आहे. मुंबईत सुरुवात कामगार संघटनेच्या पोटात झाली. बॉम्बे युनियन ऑफ जर्नालिस्ट्सची ‘विमेन अँड मीडिया कमिटी’ होती. सप्टेंबर १९८७मध्ये राजस्थानात देवराला इथे रूपकंवर सती गेल्याचं प्रकरण घडलं, तेव्हा बरेच पेपर ‘श्रद्धा विरुद्ध सुधारणा’ अशा चर्चेत रमले होते. या कमिटीच्या तिघी पत्रकार प्रत्यक्ष तिथे गेल्या, आणि माध्यमांनी ही बातमी कशी हाताळली याचीही झाडाझडती घेणारा अहवाल त्यांनी दिला. मेजवानी नाही, बॅज नाही, थेट काम. दिल्लीत १९९४मध्ये इंडियन विमेन्स प्रेस कोअर निघाली, ती मात्र क्लबाच्या घाटाची: जागा, खुर्च्या, पत्रकार परिषदा. आणि जानेवारी २००२मध्ये ‘नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया’. हे जाळं मुद्दाम सैल ठेवलेलं आहे. देणगीदार नाहीत, उतरंड नाही, शहरोशहरीचे गट आपापल्या वेळात काम करतात. अमेरिकन संस्थेला ज्या कार्यालयाच्या खर्चाने घेरलं असावं असं मला वाटतं, तो खर्चच इथे नाही. त्याबदल्यात तोटाही आहे. दोनतीन उत्साही जणी बदलून दुसऱ्या गावी गेल्या की शहराचा गट वर्ष-वर्ष झोपतो.

आणि बाल्कनीची गोष्ट जुनी झाली असं वाटत असेल तर, १० ऑक्टोबर २०२५ला नवी दिल्लीत अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांच्या पत्रकार परिषदेत स्त्री पत्रकारांना बोलावलंच गेलं नाही. या वेळी बाल्कनीही नव्हती. प्रेस कोअरने, संपादकांच्या एडिटर्स गिल्डने जाहीर निषेध केला, ओरड झाली, आणि दोन दिवसांनी दुसरी पत्रकार परिषद झाली तेव्हा बायका पुढच्या रांगेत बसल्या होत्या. एकेकट्या बातमीदारणीने समाजमाध्यमावर राग काढला असता तर दोन दिवसांत हे झालं असतं का, याचा विचार टीम लीडने करावा.

त्याला आणखी एक विचारा. ऑफिसात निम्म्या मुली आहेत हे कबूल. क्लायंटची मीटिंग संपल्यावर रात्री जेवायला कोण जातं? पुढच्या वर्षीचं बजेट तिथे ठरतं की मीटिंगमध्ये?

तुम्ही जावं का? नाव आणि लोगो पाहून जाऊ नका. वर्गणी भरण्याआधी तुमच्या शहरात गेल्या बारा महिन्यांत किती बैठका झाल्या ते विचारा. राष्ट्रीय परिषद कुठल्या हॉटेलात झाली याच्याशी तुम्हाला काही घेणंदेणं नाही. बैठकांना तुमच्याहून दहा वर्षं पुढच्या आणि पाच वर्षं मागच्या अशा दोन्ही येतात का ते बघा. फक्त पुढच्या असतील तर नुसती भाषणं ऐकावी लागतील, फक्त मागच्या असतील तर तुम्हालाच भाषण द्यावं लागेल. ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारीत त्यांनी कुणाला वकील गाठून दिला आहे का, फ्रीलान्स कामाचे दर सदस्य एकमेकींना सांगतात का, हे चहाच्या वेळी हळूच विचारा. आणि अशी संघटना तुमच्या भागात नसेल तर तुमच्या ओळखीच्या चार वेगवेगळ्या एजन्सींतल्या चार जणींना एका शनिवारी घरी बोलवा. पगाराचा विषय पहिल्याच दिवशी काढू नका, तिसऱ्या बैठकीत काढा. तोवर वडे चांगले जमायला लागलेले असतात.